बाल्कनीतली सुरळी

चंद्रहासला मी पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्या बाल्कनीत, २०२१च्या जानेवारीत. कानटोपी, मफलर, आणि समोर विजेच्या शेगडीवर एक चौकोनी तवा. लॉकडाउनमुळे मी परदेशात, लेकीकडे बुइटनव्हेल्डर्टला अडकले होते; माणसं भेटायची ती अशी कठड्यापलीकडूनच.

"एवढ्या थंडीत बाहेर का रे?" मी विचारलं.

"काकू, आमचं देवघर स्वयंपाकघरात. त्यामुळे लग्नापासून अंडं बाहेर." मग जरा हसून म्हणाला, "पुण्यात बरं होतं, बाहेर ऊन असायचं."

त्याची बायको सुचेता कोविडमधून उठली होती, पण तोंडाची चव गेलेली. जेवण ओल्या कागदासारखं लागतं म्हणायची आणि दोन घासांत ताट सरकवायची. कपडे अंगावर लोंबायला लागले होते. डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितलं, पण उकडलेलं अंडं तिच्या घशाखाली उतरेना. तेव्हा तळमजल्यावरच्या जपानी आजींनी चंद्रहासला हा तवा दिला आणि त्यांच्याकडचं गुंडाळलेलं ऑम्लेट शिकवलं. मऊ, गोडसर, फारसं चावावं न लागणारं.

ऑफिसची पहिली मीटिंग सुरू व्हायच्या आत तो ते करायचा. दोन अंडी फेस न आणता फेटायची. चमचाभर साखर, थोडा सोया सॉस, आणि मूळ कृतीतल्या माशाच्या पाण्याऐवजी सुक्या मश्रूमचं पाणी, कारण सुचेता मासे खात नाही. तव्याला तेलाचा हात, वर पातळ थर. तो पुरता आळायच्या आत गुंडाळून कडेला सारायचा, पुढचा थर त्याच्याखालीही जाऊ द्यायचा, पुन्हा गुंडाळायचं.

"बारा ग्रॅम प्रथिनं गेली पोटात," रिकामी बशी मला दाखवत तो सांगायचा.

"सुरळीच्या वड्या बिघडवणारा माणूस," आतून सुचेता म्हणायची, "आता अंड्याच्या करतोय."

"बिघडलेल्या तूच संपवल्यास."

मार्चमधल्या एका सकाळी बोटं गारठून त्याच्या हातून अंड्यात साखरेचा दुसराही चमचा पडला. त्याने ते तसंच फेटलं. पहिली सुरळी आत देऊन दुसरी घालत होता, तेवढ्यात दारातून सुचेताचा आवाज आला.

"अहो, आज गोड झालंय."

तो हातातलं उलथनं घेऊन तसाच आत गेला. तव्यावरचा थर करपला, तरी बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. मग सुचेता आली, शेगडी बंद केली आणि वायर गुंडाळू लागली.

"बोटं बघा काकू यांची," ती मला म्हणाली. "देवांना हलवता येईल."

आता त्यांचं देवघर बैठकीच्या खोलीत आहे. चंद्रहास रोज सकाळी स्वयंपाकघरात अंडी करतो, आणि साखर सुचेता घालते.