शेतावरच्या कारखान्यातला वाटा

कोऱ्या छापील कागदाचा वास आला की मला ठाण्यातली ती लहानशी कचेरी आठवते. स्वातंत्र्यानंतर नवे कारखाने उभे राहत होते आणि मी तिथे त्यांच्या शेअरचे अर्ज भरून घेत असे. एका दुपारी समोर एक वकील बसलेले असताना कल्याणजवळच्या गावातली एक शेतकरीण आत आली. पाय अनवाणी, लुगड्याला चिखल, हातात नुकसानभरपाईच्या नोटांची पुरचुंडी. “दादा, माज्या शेतावर कारखाना उभा ऱ्हातोय. त्यात माजा पन वाटा पायजे,” ती म्हणाली. मी वकिलांकडे बघून हसलो. “मावशी, हे तुमचं काम नाही. आणि अर्जही संपलेत.” अर्जांचा गठ्ठा माझ्या कोपराखालीच होता. तिने तो पाहिला, “बरं” म्हणाली आणि निघून गेली. वकिलांनी त्याच गठ्ठ्यातले दोन अर्ज भरले, एक स्वतःच्या आणि एक बायकोच्या नावाने. भाव पडले तर बिचारी बुडेल म्हणून तिला परत पाठवलं, असं मी घरी सांगितलं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. आज म्हातारपणी कबूल करतो, तिच्या पैशांची काळजी मला नव्हतीच. वकिलांशेजारच्या खुर्चीवर तिला ‘बसा’ म्हणायची मला लाज वाटली होती.