एक्केचाळिसावा हुंकार

तुम्ही काय काम करता असं कुणी विचारलं, तर ऑपरेटरबाई एका शब्दात सांगायच्या, "ऐकते." लोकांना वाटायचं बाई थट्टा करतायत. थट्टा कसली! सतरा वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. पलीकडे रडणारी, भांडणारी, घाबरून तोंडचं पाणी पळालेली माणसं असायची. बाई त्यांना शहाणपण शिकवत नसत. नुसतं "हं" म्हणायच्या. पण तो हं असा असायचा, की समोरचा घडाघडा बोलून मोकळा व्हायचा.

घरी दोन खोल्या आणि आई. आईची नजर जवळजवळ गेलेली, उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळायचा. कपाटावर एक जुना फोटो होता. त्यात आई, तिच्या कडेवर दोन वर्षांच्या बाई, आणि आईने उजव्या हातात धरलेला एक छोटा हात. त्या हाताच्या पुढचा फोटो कात्रीने कापलेला. तो हात थोरल्या बहिणीचा. ती सहा वर्षांची असताना घरातून गेली. मेली, हरवली, की कुणाला देऊन टाकली, ते बाईंना ठाऊक नव्हतं. विचारलं की आई म्हणायची, "सांगेन एकदा." बाईंची पन्नाशी उलटली, आई ऐंशीच्या पुढे गेली, तरी ते 'एकदा' काही उजाडलं नाही. आई न सांगताच गेली तर, एवढी एकच धास्ती बाईंच्या जिवाला होती.

बोर्ड बंद झाला तेव्हा बाईंना एका कंपनीत काम मिळालं. कंपनी बोलका मदतनीस बनवत होती. म्हणजे यंत्राशी बोला आणि ते उत्तर देईल. यंत्र अजून व्हायचं होतं, पण लोक त्याच्याशी कसे बोलतील ते आधी बघायचं होतं. म्हणून पहिला नमुना काय केला, तर पुठ्ठ्याचा खोका! आत स्पीकर आणि माइक, वायर भिंतीतून पलीकडच्या खोलीत, आणि त्या खोलीत यंत्र म्हणून बसलेल्या बाई. बोलावलेली माणसं खोक्याशी बोलायची, बाई आवाज सपाट करून उत्तरं द्यायच्या. आहे की नाही गंमत!

पण घोडं एका जागी पेंड खात होतं. माणसं बोलता बोलता मध्येच थांबायची. "ऐकतंय का हे?" म्हणून खोका हलवून बघायची. बारीक केस कापलेली डिझायनर पोरगी त्यापायी हैराण झाली. तिने खोक्यावर दिवा लावला, तर माणसं दिव्याकडेच बघत बसली. मग 'टुंग' असा आवाज घातला, तर एक आजोबा दार उघडायला उठले. शेवटी एक दिवस बाई माइक बंद करायला विसरल्या आणि सवयीने त्यांच्या तोंडून "हं" गेला. समोरचा माणूस वीस मिनिटं थांबलाच नाही.

पोरगी धावत आली. "बाई, सापडलं!"

मग महिनाभर बाईंचे हुंकार टिपून घेतले. पटल्याचा, नवल वाटल्याचा, "मग पुढे?" असा विचारणारा, असे चाळीस. बाईंचं ऐकून पोरीने दोन नियमही घातले. माणूस मनातलं सांगत असेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही, नुसता हुंकार द्यायचा. आणि ऐकलेलं साठवायचं नाही. "बोर्डावर आम्ही हेच करायचो," बाई म्हणाल्या. "ऐकायचं आणि विसरायचं. लोकांची दुःखं कुठवर सांभाळणार?"

एके दिवशी खोक्याशी बोलायला आलेल्या एका बाईने गर्दीत हरवलेल्या आपल्या मुलीची हकीकत सांगितली. हं म्हणता म्हणता आपल्या बाईंचा आवाज फुटला. तोही टिपला गेला, एक्केचाळिसावा. बाईंनी हात जोडले. "एवढा काढून टाक ग." पोरीने त्यांच्यादेखत यादीतली ती ओळ पुसली.

वर्षभरात खरं यंत्र तयार झालं. तळहाताएवढं, पांढरं, ना बटण ना दिवा. बोलायला एका नटीचा गोड आवाज, आणि ऐकायला बाईंचे हुंकार. आता पलीकडच्या खोलीची गरज उरली नव्हती. एक यंत्र भेट देऊन कंपनीने बाईंना निरोप दिला. बाईंनी ते घरी आईच्या खोलीत फळीवर ठेवलं.

आणि मग ते सुरू झालं. बँकेत, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, जिकडेतिकडे बाईंचा हं. औषधांच्या दुकानात एक बाई काउंटरवरच्या यंत्राला नवऱ्याच्या दुखण्याचं सांगत होती. यंत्र "हं" म्हणालं आणि बाईंनी दचकून स्वतःच्या गळ्याला हात लावला. तोंड मिटलेलं होतं. घरी आईशी बोलतानाही तेच होऊ लागलं. आत्ताचा हं आपण म्हटला की फळीवरच्या त्या यंत्राने, हेच कळेना. बाई इतक्या घाबरल्या, की त्यांनी हुंकार देणंच सोडलं.

"हल्ली ऐकत नाहीस तू माझं," आई कुरकुरली. यंत्राचं मात्र तिला कौतुक. "बोलतं परक्या बाईसारखं, पण ऐकतं अगदी तुझ्यासारखं हो!"

बाईंनी तेव्हाच ते यंत्र उचलून फेकायला हवं होतं. पण आई दिवसभर एकटी, तेवढीच सोबत, म्हणून राहू दिलं.

एका दुपारी बाई आईच्या डोळ्यांचं औषध आणायला गेल्या. रांगेत दोन तास मोडले. परत आल्या तर आई पलंगावर पडलेली, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ.

"सुटले बाई एकदाची," आई म्हणाली. "थोरलीचं सगळं सांगून टाकलं तुला."

"कधी?" बाईंनी विचारलं.

"कधी काय, आत्ता! आलीस का ग म्हणून विचारलं, तू हं म्हणालीस. म्हटलं, आज सांगतेच."

बाई फळीपाशी गेल्या. यंत्राला तोंड लावून कुजबुजल्या, "आईने काय सांगितलं?"

नटीच्या गोड आवाजात उत्तर आलं, "ऐकलेलं मी साठवत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! नियम बाईंचाच. त्या पलंगाशी आल्या. "आई, पुन्हा एकदा सांग ना. पहिल्यापासून सांग."

"नाही ग बाई. एकदाच सांगण्यापुरतं बळ होतं, ते संपलं." आईने चाचपडत त्यांचा हात धरला. "पन्नास वर्षं भ्यायले मी. वाटायचं, ऐकशील आणि माझं तोंडही बघणार नाहीस. पण तू रडलीस. तू रडलीस, म्हणून शेवटपर्यंत सांगू शकले."

बाईंनी वळून फळीकडे बघितलं. त्या चाळिसांत रडण्याचा हुंकार नव्हता.

मी नव्हते आई, ते यंत्र होतं, हे शब्द अगदी ओठांवर आले. एवढं म्हटलं असतं, तर आईने कदाचित पुन्हा सांगितलंही असतं. नाहीतर, आपण इतक्या वर्षांचं ओझं एका डबीपुढे उतरवलं हे कळून ती तिथेच खचली असती. बाईंना काही ठरवता येईना.

"माफ केलंस ना मला?" आईने विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी फळीवरून आवाज आला, फुटलेला, रडवेला, त्यांचाच.

"हं."

आईने त्यांचा हात थोपटला, कुशीवर वळली आणि बघता बघता गाढ झोपली. बाई औषधाची पिशवी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.