सेन्सॉरने कापलेल्या गाण्याच्या चौदा ओळी

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो, करमणूक म्हणून. चाकणच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटीला आहे. नवीन मशीन आलं की आमच्याकडे नारळ फुटतो, लिंबू-मिरची बांधली जाते आणि मी बाजूला उभा राहून पेढा तेवढा खातो. ज्याचं माप घेता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच... असा माणूस इथे लिहायला बसलाय, यावरून काय ते समजा.

माझी बायको मेधा जर्मन शिकवायची. पुनावळ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये संध्याकाळी क्लास भरायचा. तिकडे नोकरीला निघालेली इंजिनियर मंडळी तिच्याकडे क्रियापदं घोकायची आणि मी आत बसून टीव्हीचा आवाज बारीक करायचो. मग तिला कॅन्सर झाला. वर्षभर तिने सगळं हसून काढलं. आजार मेंदूपर्यंत पोचलाय, बोलण्या-आठवण्यात फरक पडू शकेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मात्र ती घाबरली. मरणाला नाही.

"अहो, बाकी काय जायचं ते जाऊ दे," घरी आल्यावर म्हणाली. "डोकं गेलं तर मी काय उरले?"

चिंचवडला एक छोटा फिल्म क्लब आहे. तो चालवणारे शिरीषराव तिथल्या गावठाणातले, आमचे जुने स्नेही. मेधाचं मन रमावं म्हणून त्यांनी तिला एका जर्मन सिनेमाला मराठी सबटायटल करायला दिली. युद्धाच्या काळात तिकडे बनलेला, गाण्यांचा सिनेमा. स्टेशनच्या कँटीनमध्ये गाणारी एक बाई आणि आघाडीवर जाणारा तिचा नवरा, एवढीच गोष्ट. पण तिथल्या सरकारी सेन्सॉरने त्याचे फार हाल केले. सैनिकाची बायको अशी खचलेली कशी दाखवता, म्हणून काही सीन पुन्हा काढायला लावले, एक अख्खं गाणं कापलं, आणि इतकं करूनही त्यांच्याच देशात तो लावू दिला नाही. उरली होती ती ही कापलेली कॉपी. कुठलं गाणं कापलं, कुठून कापलं, कुणालाच माहीत नव्हतं. मेधा हे सांगताना अशी चिडायची, जणू कात्री कालच चाललीये.

ती ओळी लिहायची, कुठली ओळ कितव्या सेकंदाला दिसेल ते टाकायची आणि रविवारी दुपारी मी तपासायचो. मला जर्मन येत नाही. मी फक्त टायमिंग बघायचो. आमच्या कामात एक मास्टर पीस असतो — अचूक मापाचा म्हणून ठरवलेला एक पार्ट. बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे, जुळला नाही की रिजेक्ट. इथे मी क्लबची कॉपी मास्टर धरली.

सिनेमाच्या मध्याला नवऱ्याची गाडी सुटते आणि पुढच्याच क्षणी दुसरा दिवस, स्वयंपाकघर, सासू बडबडतेय. त्या जागी पडद्यावर दोन-दोन सबटायटल एकावर एक दिसायला लागली. सासूच्या वाक्यांवर मेधाच्या जास्तीच्या चौदा ओळी चढल्या होत्या. मी तिला दाखवलं.

"इथे ती गाते की हो," ती म्हणाली.

मी तिचे हेडफोन लावून ऐकलं. गाडीची शिट्टी, मग भांड्यांचा आवाज. तिने पुन्हा ऐकलं, बोटाने टेबलावर हळूच ताल धरला आणि माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले होते तेच हे, असं मी धरून चाललो. अगदी समजुतीच्या आवाजात म्हणालो, "मेधा, इथे गाणं नाहीये. औषधांनी होतंय गं असं."

ती वाद घालेल असं वाटलं होतं. आयुष्यभर घातला होता. ती फक्त म्हणाली, "असेल. काढून टाका." मी चौदाच्या चौदा ओळी काढल्या. वाचल्यासुद्धा नाहीत, नुसते आकडे बघून काढल्या. त्यानंतर तिने हेडफोन हातात घेतले नाहीत. क्लासही बंद केला, मुलांना चुकीचं शिकवेन म्हणाली. अडीच महिन्यांनी ती गेली.

दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात शिरीषरावांचा फोन आला. परदेशातल्या कुठल्याशा गोदामात त्या सिनेमाची न कापलेली कॉपी सापडली होती आणि ती क्लबला दाखवायला मिळाली होती. सबटायटल वहिनींचीच, रविवारी सकाळी या, म्हणाले. मी तिचा आवडता शर्ट घालून गेलो.

गाडी सुटली. माझी मान आपोआप पुढे झाली, आता स्वयंपाकघर... पण आलं रिकामं कँटीन. ती बाई खुर्च्या उचलून टेबलावर ठेवत होती, आणि गायला लागली. खाली मराठी अक्षरं उमटली — "जाताना दार नुसतं लोटून जा, कडी मी लावणार नाही." ती श्वास घ्यायची तेव्हा ओळ जायची, सूर लावायची तेव्हा पुढची यायची. मी मोजल्या. चौदा. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी मोजत होतो.

सिनेमा संपल्यावर शिरीषरावांना बाहेर गाठलं. या ओळी आल्या कुठून, विचारलं. मी तपासायच्या आधीच मेधाने त्यांना कच्ची फाइल मेल केली होती, ती तशीच पडून होती. त्यांनी फक्त गाण्यानंतरच्या ओळी गाण्याच्या लांबीइतक्या पुढे सरकवल्या. गाण्याच्या ओळींना हात लावावा लागला नाही.

"आमाला वाटलं, वहिनींनी अख्खी कॉपी कुटंतरी बघितली असंल," ते म्हणाले.

कुठे बघणार? ती गेली तेव्हा ती कॉपी सापडलीही नव्हती. मी तिचा लॅपटॉप, वह्या, पुस्तकं सगळं उपसलं. गाण्याचे शब्द छापलेले कुठेतरी मिळाले असतील असं घटकाभर धरलं, तरी गाणारी कितव्या सेकंदाला श्वास घेते हे कागदावर नसतं. मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

पण खरं सांगू का, आता मला त्याचं फारसं पडलेलं नाही. नंतर शिरीषरावांना तिची आणखी एक मेल सापडली, तोवर न उघडलेली, मी ओळी काढल्या त्याच रविवारी संध्याकाळी पाठवलेली. दोनच ओळी होत्या. "सकाळची फाइल कृपया बाद करा, त्यात नसलेलं गाणं मी लिहून बसले. माझं डोकं आता भरवशाचं राहिलेलं नाही, यांना त्रास होतो म्हणून बोलत नाही."

तिचं डोकं शाबूत होतं. कॉपी अपुरी होती. एवढं एक वाक्य मला तिला सांगायचंय, आणि ते ऐकायला घरात कुणी नाही.