चार मागितली, तीन मिळाली

माझ्या मामाला अर्थखात्यात सगळे ‘कात्री’ म्हणत. कारकुनापासून सचिवापर्यंत चढला, पण सवय एकच: कुठल्याही खात्याची मागणी आली की चौथा हिस्सा कापायचा, मग वाचायची. खातीही काही दूधखुळी नव्हती. कात्री चालणार हे धरून ती आधीच फुगवून मागत. शेवटी ज्याला जे हवं ते मिळे आणि मामाच्या काटकसरीचा डंका वाजे.

आमच्याकडेही तेच. आई त्याची थोरली बहीण. ती म्हणायची, "चार दिवस राहायला ये," आणि तिसऱ्या दिवशी स्वारी बॅग भरून दारात. मग आईही शहाणी झाली. चार हवे असले की सहा सांगायची.

आईची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा मामा धावत आला. तिच्या हृदयाला लांबचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातच डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा हवं होतं, मिळत होतं दोनदा. आईचे पाय सुजून लाकडासारखे झाले होते.

"तिसरी पाळी का नाही?" मामा डॉक्टरीणबाईंवर डाफरला.

"मशीनं कमी आहेत. चार मागितली, तीन मिळाली."

"चार हवी होती, तर जास्त मागायची ना!"

"चार हवी होती, म्हणून चार मागितली," बाई म्हणाल्या. नोकरीत नव्या होत्या बिचाऱ्या. त्यांना कुणी रीत शिकवली नव्हती.

चौथं मशीन कुणाच्या कात्रीनं गेलं, ते मामाला कळलं. मग त्यानं आपल्या उपसचिवाला फोन लावला. तिकडून अदबीनं उत्तर आलं, "साहेब, वर्षाच्या मध्ये नवी मागणी घ्यायची नाही, हा आपलाच आदेश आहे. पुढच्या अंदाजपत्रकात धरतो." स्वतःच्या हातानं मारलेली गाठ, आता दातांनीही सुटेना.

"निदान ताईला आधी घ्या," तो बाईंना म्हणाला.

"घेते. कुणाची पाळी काढू, तेवढं सांगा."

बाहेर बाकावर एक शिंपी बसला होता, एक गरोदर बाई आणि दप्तर मांडीवर घेऊन गृहपाठ करणारी एक मुलगी. जन्मभर न बघता कापणारा माझा मामा त्या तिघांकडे बघत राहिला. मला त्याचा संताप येत होता आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

आईला यातलं काही कळलं नाही, आम्ही कळू दिलं नाही. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "महिनाभर राहा रे."

"राहतो, ताई. पूर्ण महिना राहतो."

"बघ हं. मी वाढवून सांगितलंय."

दुसऱ्या आठवड्यात आई गेली. सगळं आटोपल्यावर मी मामाची बॅग दारात आणून ठेवली. त्यानं ती उचलून परत आत नेली, कपडे काढून कपाटात लावले आणि महिना भरेपर्यंत तो आईच्या खोलीत राहिला.