वेगाच्या रकान्यातला आकडा

चारकोपच्या सेक्टर आठमध्ये देवदत्त कर्णिक कोण, असं विचारलं तर लोक डोकं खाजवायचे. पण "ते नंबर देणारे" म्हटलं की वॉचमनसुद्धा तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवायचा. माणूस अंधेरीत विमा कंपनीच्या ऑफिसात, वय बेचाळीस, पोट सुटलेलं, स्वतः बॉलला लाथ मारली असेल ती गल्लीतच. पण नजर अशी की बस्स! परदेशातली एक कंपनी फुटबॉलचा व्हिडिओ गेम काढते. त्यात आपल्याकडचेही खेळाडू असतात, आणि प्रत्येकाला वेग किती, उडी किती, डावा पाय किती, असे शंभरपैकी तीसेक आकडे द्यावे लागतात. ते काय आकाशातून पडतात? कुणीतरी मॅचेस बघून भरतो. मुंबईच्या पोरांचे आकडे बारा वर्षं देवदत्त भरत होता, तेही जवळजवळ फुकटात. "घरातला पंखा महिनाभर बंद आहे, तो दिसत नाही," बायको दीप्ती म्हणायची, "आणि कोण किती पळतो ते बरोबर दिसतं!"

त्याचा नियम एकच. जे दिसलं तेच लिहायचं. ओळख नाही, पाळख नाही.

निमेश कोळी हा ह्याच नियमातून त्याला चिकटलेला. चारकोप गावातला पोरगा, पुतळाबाईचा. पुतळाबाई बाजारात मासळी घेऊन बसायची आणि कर्णिकांच्या घरातले बोंबील पंचवीस वर्षं तिच्याच पाटीतले. निमेश सतरा वर्षांचा असताना बोरिवलीच्या एका स्पर्धेनंतर देवदत्तने त्याला तोंडावर सांगितलं होतं, "उजवा पाय झकास. डावा नुसता उभं राहायला. शंभरात तीस."

दुसरा कोणी असता तर शिव्या देऊन गेला असता. ह्याने वर्षभर समाजमंदिराच्या भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारला. भिंतीचं प्लास्टर गेलं, पण पाय आला. पुढच्या वर्षी हजर. "दादा, आता बघ." देवदत्तने बघून अठ्ठावन्न दिले. तेव्हापासून दर सप्टेंबरात गेमची यादी आली की निमेशचा फोन ठरलेला. आकडा वाढो की कमी होवो, पोरगा एवढंच म्हणायचा, "बरोबर दिलास, दादा."

मग दक्षिणेतल्या एका क्लबने त्याला विकत घेतलं. देशात तोवर कुणा स्ट्रायकरला एवढी रक्कम मिळाली नव्हती. गावात बँड लागला, पुतळाबाईने सगळ्या बाजाराला पेढे वाटले. गेममध्ये वेग त्र्याण्णव. पहिल्या सीझनला चौदा गोल. दुसऱ्याला चार. आणि झालं! काल डोक्यावर घेणारे आज पायाखाली. मोबाईलवर त्याच्या तोंडाला कासवाचं अंग लावून चित्रं फिरायला लागली. जिभेला हाड नसतं म्हणतात, बोटांना तरी कुठे असतं?

देवदत्तने शेवटच्या नऊ मॅचेस लॅपटॉपवर पुन्हा पाहिल्या, हातात स्टॉपवॉच घेऊन. दिसायचं ते दिसलं. निमेश डावीकडे वळताना उजव्या गुडघ्यावर भार देत नव्हता. बॉल मागून आला की अर्धं पाऊल थांबायचा, मग धावायचा. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, आणि गुडघा गेला! वेगाच्या रकान्यात त्याने खरा आकडा लिहिला, सत्तरीतला, आणि फाईल तशीच ठेवून बाजारात गेला.

पुतळाबाईने हलवा कापता कापता कोयता थांबवला. "देवदत्ता, लोकं माझे पोराला काय काय बोलतान रं. जेवत पन नाय धड. तू तरी त्याचा नंबर कापू नको. त्याचा मन मोडल."

"बघतो, मावशी."

"बघतो नको. सांग."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी, म्हातारीचे डोळे भरलेले. देवदत्त म्हणाला, "नाही कापणार." घरी आला आणि सत्तरीतला आकडा खोडून एक्याण्णव टाकले. अगदीच त्र्याण्णव नको, दोन कमी केले म्हणजे खरं वाटेल! बारा वर्षांत पहिल्यांदा त्याने खोटं लिहिलं, आणि वर त्यात अक्कल वापरली. दीप्तीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भीड भिकेची बहीण, देवदत्त. त्याला फोन कर, विचार काय झालंय." पण फोन करून काय म्हणणार? तू संपलास का रे? नाही केला फोन.

सप्टेंबरात यादी आली. निमेशचा फोन आला नाही. बिझी असेल, असं देवदत्तने स्वतःला समजावलं.

नोव्हेंबरात निमेशचा क्लब अंधेरीच्या स्टेडियममध्ये खेळायला आला. देवदत्त प्रेक्षकांत होता. सत्तावन्नाव्या मिनिटाला निमेशकडे लांब पास आला, तो डावीकडे वळला आणि कुणाचा धक्काही न लागता खाली बसला. उठलाच नाही. गुडघा धरून गवतावर हात आपटत राहिला.

ऑपरेशननंतर क्लबने त्याला घरी सोडलं. तीन आठवड्यांनी देवदत्त चारकोप गावात गेला. एका सकाळी तयार व्हायचा, दुसऱ्या सकाळी टाळायचा, असं करत करत तीन आठवडे काढले होते. पुतळाबाई आत चहा टाकत होती. निमेश खाटेवर, पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा.

"परत खेळता येणार नाही, दादा," तो सरळ म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, चालशील. बस."

देवदत्त खाटेशेजारच्या स्टुलावर बसला.

"मला मे महिन्यापासून कळत होतं. एका डॉक्टरने सांगितलं होतं, सहा महिने थांब, नाहीतर तुटेल. क्लबवाले म्हणाले, काही नाही, मनाचे खेळ आहेत. कोणाचं ऐकू? म्हटलं, दादाची यादी येऊ दे. गुडघा खरंच गेला असेल तर दादाला दिसेल, आणि दिसलं तर तो कापेल. सत्तर दिलेस ना, तर दुसऱ्या दिवशी थांबायचं, क्लब गेला खड्ड्यात, असं ठरवलं होतं." निमेशने पायाचा पट्टा सारखा केला. "एक्याण्णव आले. म्हटलं, म्हणजे माझ्याच डोक्यात आहे. खेळलो. पण 'बरोबर दिलास' म्हणायला फोन काही करवला नाही."

आत स्टोव्हचा आवाज येत होता. देवदत्तला वाटलं, खोटं बोलावं, मला काही दिसलंच नाही म्हणावं. पण आता ते बोलून कुणाचं भलं होणार होतं?

"किती दिसत होता तेव्हा?" निमेशने विचारलं. "खरं सांग."

"चौऱ्याहत्तर."

निमेशने मान फिरवली. रडला नाही, शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं देवदत्तला आतून वाटत होतं. मग निमेश हळूच म्हणाला, "आईला नको सांगू. तुला तिनेच सांगितलं होतं ना? मला म्हणाली होती, देवदत्ताकडून वचन घेतलंय. तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, दादा कुणाचं ऐकतोय होय!"

पुतळाबाई चहा घेऊन आली. कप देवदत्तच्या हातात देताना तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"सगल्यांनी टाकला रं माझे पोराला," ती म्हणाली. "येक तूच त्याचे बाजून उभा रेला."

निमेश देवदत्तकडे बघत होता. देवदत्त म्हणाला, "हो, मावशी," आणि चहा प्यायला.