लाडवांच्या डब्यातून न आलेली गोळी

"देखो, बेबी का हार्टबीट नहीं है," डॉक्टर म्हणाल्या. सोनोग्राफीचं गार जेल अजून पोटावर होतं. मी वेड्यासारखं विचारलं, "मग आता पुढची तपासणी कधी?"

रिपोर्टवर होतं, मिस्ड अबॉर्शन. माझं डोकंच फिरलं. मी काही पाडलं नव्हतं, मला हे बाळ हवं होतं. डॉक्टरांनी समजावलं, गर्भ आतच दगावलाय, शरीराला अजून पत्ता नाही. गोळीने तो बाहेर येतो. पण गर्भपातालाही हीच गोळी वापरतात, म्हणून ती इथे आखातात फार्मसीत मिळत नाही. हॉस्पिटलमध्येच देतात, तेही आठवड्याने पुन्हा स्कॅन आणि दुसऱ्या डॉक्टरांची सही झाल्यावर. "रूल है. घबराओ मत."

तो आठवडा कसा काढला ते विचारू नका. आमच्या करामातल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शेजारीण माझ्या पोटाकडे बघून हसायची. मीही हसायचे. काय सांगणार, कप्पाळ?

त्यातच साताऱ्याहून आई यायची होती. फोनवर म्हणाली, "आपल्या मेडिकलवाल्याकडून घेते ती गोळी. लाडवांच्या डब्यात तळाशी घालते, कोण बघतंय?" आपण सगळेच सर्दी-तापाच्या गोळ्या गावाहून मागवतो. तिला हेही तसंच वाटलं.

मी तिच्यावर ओरडलेच. "एअरपोर्टवर धरतील तुला. बाळ गेलंय माझं, आता तुलाही घालवू का?"

ती टर्मिनलमधून बाहेर येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. माझ्या नवऱ्याने, मंदारने, गाडीतच डबा उघडला. नुसते लाडू होते. मी आईच्या गळ्यात पडून रडले.

मैत्रिणींनो, ही गोळी चोरून मागवू नका. मला हॉस्पिटलमध्येसुद्धा खूप ब्लीडिंग झालं, सिस्टर उशाशी होती म्हणून निभावलं. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण तो आठवडाही विसरणार नाही.

तर, आठवडा संपला आणि दुसऱ्या स्कॅनमध्येही तेच दिसलं. सही झाली, डॉक्टर गोळ्या घेऊन आल्या. आईने चष्मा लावून पाकीट निरखलं.

"हीच ना गं ती?"

"हीच."

"मग माझ्या पोरीला आठवडाभर गेलेलं बाळ पोटात घेऊन का फिरवलं?"

डॉक्टरांनी मला विचारलं, "अम्मा क्या बोल रही हैं?"

"थँक यू बोल रही हैं," मी म्हटलं आणि गोळी जिभेखाली ठेवली.