शेवटच्याची पाठ

आमच्या मरांगा खोऱ्यातल्या डोंगर-शर्यतीत पहिला कोण आला हे पुढच्या वर्षापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नसे. शेवटी कोण येणार हे मात्र शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. नोलीन ट्रँटर. तिला सगळे ‘शेपूट’ म्हणायचे, तीही ओ द्यायची.

शर्यतीच्या आधी झाडांना गुलाबी फिती बांधतात. त्या बघत बघत धावणारे नदीवरून डोंगराच्या सोंडेवर चढतात, माथ्यावरच्या धारेवरून जातात आणि पलीकडून पुन्हा नदीवर उतरतात. शर्यत संपली की एकही फीत रानात राहता कामा नये, नाहीतर जंगलखातं पुढच्या वर्षी परवानगी देत नाही. म्हणून सगळ्यांत शेवटच्या माणसाच्या मागे नोलीन चालायची आणि फिती सोडत यायची. खाली पोचेपर्यंत तिच्या गळ्यात हा एवढा गुंता झालेला असायचा. ती तंबूत येईपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही, ही इथली रीत. लाकूडतोड्यांच्या काळापासूनची. डोंगरावरचा शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय जेवायचं नाही.

नवरा उतारावर ट्रॅक्टरखाली गेला, त्यानंतर नोलीनला घरात बसवेना. गाईंचं दूध काढून झालं की करवत घेऊन ती डोंगरावर जायची. वाटेवर पडलेली झाडं कापायची, वॉम्बॅट नावाच्या जनावरांनी उकरलेली बिळं बुजवायची, ओढ्यावर दगड टाकून पाय ठेवायला जागा करायची. त्या वाटा सरकारच्या असतील, पण राखल्या तिने. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ लिंडसे बिनलग्नाचा, तो तिच्याबरोबरच शेतावर राहायचा. घाबरट, पण मनाने चांगला.

तिचं बोलणं तिखट. धारेवर दमून बसलेला एखादा म्हणायचा, “नोलीन, तू हो पुढे. मी इथेच मरतो.”

“मर की. पण त्या फितीवरची पाठ काढून मर, मला ती सोडायची आहे.”

तिचा नियम एकच होता. शेवटच्याची पाठ स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय फीत सोडायची नाही. कुणी काहीही सांगो.

त्या वर्षी मे महिन्यात शर्यत होती, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा. सकाळी लख्ख ऊन होतं, दुपारी धारेवर बर्फाळ पाऊस सुरू झाला. वणव्यानंतर वाट बदलली होती. नेहमीच्या सोंडेऐवजी पलीकडच्या सोंडेवरून नेली होती. ती अजून कुणाच्याच पायाखालची नव्हती.

लिंडसे वर गुराख्यांच्या जुन्या झोपडीत वॉकीटॉकी घेऊन बसला होता. तिथून खालच्या कच्च्या रस्त्यावरची पिकअप गाडी लांबून दिसायची, दमलेल्यांना न्यायला ठेवलेली. नोलीन खूप मागे राहिली होती. एकाचा पाय मुरगळला, त्याला खालच्या रस्त्यापर्यंत पोचवून ती परत वर चढत होती. तिच्यापुढे शेवटचा होता ओवेन ब्रॅक. कुंपणं घालायची कामं करणारा, साठीला आलेला, दरवर्षी शेवटून पहिला किंवा दुसरा. त्याचं पिवळंधमक जाकीट नदीच्या या काठावरून त्या काठावर दिसायचं. कोपरावर त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, निळं ठिगळ लावलेलं. आमच्याकडे माणूस ओळखायला तोंड बघत नाहीत. गाडी, कुत्रा, टोपी बघून हात करतात. शर्यतीतही छातीवरचा नंबर बघायचा तो बाहेरच्यांचा. आपल्या माणसाचा नंबर कोण बघतो?

मी तंबूत ग्लेनिसच्या शेजारी भोपळ्याचं सूप ढवळत होते. घरच्यांना कळावं म्हणून वॉकीटॉकीवरचं बोलणं तंबूतल्या भोंग्यावर लावलेलं असतं. नोलीनचा आवाज आला, “लिंडसे, ओवेन कुठवर गेला रे?”

“अगं तो गेला खाली, पिकअपमध्ये बसून. पिवळं जाकीट गाडीत चढताना बघितलं मी. तुझ्यापुढे कुणी नाही आता. उरक पटपट, सगळे उपाशी बसलेत.”

तंबूत हशा पिकला. ओवेनने शर्यत सोडली असं पूर्वी कधी झालं नव्हतं. कुणीतरी ओरडलं, “ग्लेनिस, जा घरी, म्हाताऱ्याचे पाय चेपून दे!”

“पाय राहू देत,” ग्लेनिस डाव हलवत म्हणाली, “आधी कापलेलं नाक शिवते.” आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

नोलीन आली ती नखशिखान्त भिजून, गळ्यात फितींचा भारा. टाळ्या झाल्या. पाव मोडले, सॉसेज ताटांत पडले. तेवढ्यात तंबूतला फोन वाजला. मी उचलला. पिकअप चालवणारा होता, बाहेरगावचा कुणी स्वयंसेवक. म्हणाला, “पोरगी ठीक आहे. डॉक्टरांनी गरम कपड्यांत गुंडाळलंय तिला.”

“कुठली पोरगी?”

“मेलबर्नची. धारेवर कोसळली होती. तुमच्या एका म्हातारबुवांनी तिला वाटेवरून खाली गाडीपर्यंत आणलं, स्वतःचं जाकीट घातलं. त्यांनाही बस म्हटलं, तर म्हणाले, मी वर जाऊन वाट पकडतो, शेपटीच्या आधी पोचायचंय मला. हे पिवळं जाकीट कुणाकडे द्यायचं?”

मी ते तसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. दुसरं काय करणार? ग्लेनिसने सुपाचं भांडं खाली ठेवलं. नोलीनचा घास हातातच होता. तिने तो ताटात ठेवला, खुर्चीवर टाकलेल्या फिती उचलल्या आणि ती चालायला लागली.

“अगं थांब, बचाव पथकाला फोन केलाय,” कुणीतरी म्हणालं.

“करा. मी पुढे होते.”

ती चढताना पुन्हा फिती बांधत गेली. एकेका झाडाला, सोडल्या होत्या तशाच. ओवेन कुठे बसला असेल तर त्याला दिसाव्यात म्हणून. अंधार पडत आला होता, वर धुकं आणि बर्फ. तिच्या हाका खालपर्यंत येत होत्या. मग त्याही येईनाशा झाल्या. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, ग्लेनिस माझा हात धरून बसली होती. तिचा हात गरम होता, सुपामुळे. ते मला विसरता येत नाही.

ओवेन वाटेवर पोचला तेव्हा तिथे फीत नव्हती. पांढऱ्या धुक्यात, अंगात जाकीट नाही, नवी वाट. इथल्या प्रत्येक पोराला शिकवलेलं असतं, हरवलास तर पाण्याबरोबर खाली जा, पाणी घरी नेतं. तो तसाच ओढ्याबरोबर गेला. पण नव्या सोंडेवरचं पाणी आमच्या खोऱ्यात येत नाही. ते पलीकडच्या घळीत पडतं. सकाळी तो तिथे सापडला. दगडाला टेकून बसलेला, हात काखेत घातलेले. पथकाबरोबर नोलीन होती.

ओवेनच्या मृत्यूची चौकशी नदीच्या खालच्या अंगाला, मोठ्या गावातल्या कोर्टात झाली. आम्ही सगळे गेलो होतो. अधिकाऱ्याने नोलीनला विचारलं, “तुमच्यामागे कुणी राहिलं नाही, अशी तुम्हाला खात्री होती?”

“नाही. मी शेवटच्याची पाठ बघितली नव्हती. तरी फिती काढल्या.”

“तुम्हाला वॉकीटॉकीवर कुणी काही सांगितलं होतं?”

 नोलीन म्हणाली, “सांगणारे सांगतात. फिती माझ्या हातात होत्या.”

मागच्या बाकावर लिंडसे टोपी गोल गोल फिरवत होता. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, नीटसं आठवत नाही. आम्ही तंबूतल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. कुणी उठलं नाही.

वर्तमानपत्रात नोलीनचा फोटो आला. दुकानात बाहेरचे लोक तिच्याकडे बोट दाखवायचे. आमचे लोक दाखवत नसत, पण तिच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत. करवत गोठ्यात खिळ्याला लटकली. चर्चमध्ये ती येई, दाराजवळ बसे आणि शेवटचं गाणं सुरू होण्याआधी निघून जाई. लिंडसे मात्र वाळत चालला. जेवायचा नाही. दूध काढताना गाईही त्याला लाथा मारू लागल्या.

हिवाळा सरत आला तेव्हा एका रविवारी मी ग्लेनिसकडे ओवेनचे कपडे खोक्यात भरायला गेले होते. दारात लिंडसे येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

“ग्लेनिस, तो मी होतो,” तो म्हणाला. “मी सांगितलं तिला, तो गेला म्हणून. नोलीनचा दोष नाही.”

ग्लेनिस सदऱ्याची घडी घालत होती. तिने ती पुरी केली. “माहीत आहे,” ती म्हणाली. “मी तंबूतच होते.”

“मग तू कधी बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तू सांगितलंस आणि मी हसले. तो तिकडे काकडत होता, आणि मी इकडे चार लोकांत त्याच्या नाकाचा विनोद करत होते. तू निदान चुकून बोललास, लिंडसे.”

लिंडसे रडायला लागला. मग म्हणाला, “मला आता हलकं वाटतंय.” खरंच म्हणाला. ग्लेनिसने त्याच्याकडे बघितलं आणि सदरा खोक्यात न ठेवता मांडीवर घेऊन बसली. मला म्हणाली, “तू जा आता. उरलेलं मी करीन.”

घराकडे जाताना मी नोलीनच्या गोठ्यात डोकावले. लिंडसे माझ्याआधी पोचला होता आणि सगळं सांगून मोकळा झाला होता. नोलीनच्या हातातली बादली मी पहिल्यांदाच आदळलेली बघितली.

“तुला वाटलं, मी तुझ्यासाठी गप्प बसले?” ती ओरडत होती. “अरे गाढवा! तुझं नाव घेतलं असतं तर तंबूत काय झालं ते सगळं निघालं असतं. कोण काय बोललं, कोण हसलं, कळलंय मला मागाहून. ते तिला भर कोर्टात ऐकायला लागू नये, एवढंच बघितलं मी. लोक मला शिव्या देत होते, देऊ देत. तिला राग धरायला माणूस तर होतं!”

“मला खरं सांगायचं होतं, नोलीन.”

“सांगितलंस ना? तुझं ओझं उतरलं. ते तिच्या अंगावर टाकून आलास. आता ती कुणावर चिडणार? स्वतःवरच ना?”

  बूटही न बदलता, शेणाच्या पायांनी नोलीन रस्त्याला लागली. मी तिच्या मागे गेले. ग्लेनिसचं दार बंद होतं. नोलीनने वाजवलं, हाक मारली, मग पायरीवर बसली. कडाक्याची थंडी होती. ती बराच वेळ बसून होती. आत कुणी चालल्याचा आवाज आला, दारापर्यंत आला आणि थांबला.

“जा, नोलीन,” ग्लेनिस आतून म्हणाली. “गाईंची वेळ झाली.”

नोलीन उठली. खरंच वेळ झाली होती.